कोण जिंकलं, ते फोटो बघून सांगतो

खो-खोचा सामना सर्वांत कमी कोण पाहतो, तर मैदानाच्या कडेला कॅमेरा घेऊन बसलेला माणूस. यात त्याचा काही दोष नाही, यंत्रच तसं आहे. डीएसएलआर कॅमेऱ्यात लेन्समधून आलेला उजेड आतल्या आरशावरून फिरून आपल्या डोळ्यापर्यंत येतो. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो, उजेड फोटो टिपणाऱ्या सेन्सरकडे जातो आणि तेवढ्यापुरता आपल्या डोळ्यासमोर काळोख. म्हणजे फोटो निघतो तो नेमका आपल्याला न दिसलेल्या क्षणाचा. आणि गडी हवेत झेपावलाय, हात लांबवलाय, केस उडालेत, असं डोळ्याला लख्ख दिसलं, की खुशाल समजावं, हे हुकलं.

आता बिनआरशाचे कॅमेरे आलेत म्हणे. त्यांच्या किमती बघितल्या की दुकानातच डोळ्यासमोर काळोख येतो, त्यामुळे माझा जुनाच चालू आहे.

संध्याकाळी घरी आलो की बायको विचारते, "कोण जिंकलं?"

"फोटो बघून सांगतो."

"मग इतका वेळ तिथं करत काय होता?"

याला उत्तर नाही.

हे लचांड माझ्या मागं लागलं पुतण्यामुळं. पोरगा आधीपासून खो-खो खेळायचा, पण गुपचूप खेळायचा. 2025 च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, आपल्या पुरुषांनी आणि बायकांनी, दोघांनीही नेपाळला हरवून तो उचलला, आणि आमच्या घरातल्या खेळाडूला एकदम पोल डाइव्हचा, म्हणजे खांब धरून हवेत आडवं झेपावतानाचा, डीपी हवासा झाला. "काका, हवेत आडवा पाहिजे बरं का," एवढीच त्याची अट. वहिनींनी वर पुस्ती जोडली, "भाऊजी, बारशाचे फोटो किती छान काढले होते तुम्ही!" बारशातलं बाळ पाळण्यात होतं आणि त्याला कुणी खो दिलेला नव्हता, हे वहिनींना कोण सांगणार?

जरा हिशेब करून बघा. धावणारं पोरगं सेकंदाला सहा मीटर तरी जातं. शटर, म्हणजे सेन्सरपुढचा पडदा, 1/60 वर, म्हणजे सेकंदाच्या साठाव्या हिश्श्यावर असेल तर उघडझाप होईपर्यंत ते दहा सेंटिमीटर सरकलेलं असतं, म्हणजे नाक कानापर्यंत पसरतं. 1/1000 वर नेलं की सरकणं सहा मिलिमीटरवर येतं आणि नाक नाकाच्या जागी राहतं. इथपर्यंत ठीक. पण आपलं काय? डोळ्यांनी बघून मेंदूनं बोटाला कळवायला माणसाला सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी लागतोच. तेवढ्यात पोरगं सव्वा मीटर पुढं. मग फोटोत कधी नुसती धूळ येते, कधी धूळ आणि एक टाच. टाचांचा माझ्याकडचा संग्रह जिल्ह्यात कुणाकडं नसेल.

पुढचा जाच फोकसचा. कॅमेऱ्याला आपण पन्नास हजार मोजलेले असोत की लाख, त्याला खेळाडूपेक्षा प्रेक्षक जास्त आवडतात. सुरुवातीच्या माझ्या सगळ्या फोटोंत पुढं धुरकट पोरं आणि मागं कट्ट्यावर बसून शेंगा सोलणारा बनियनमधला एक मनुष्य. काय सुरेख आलाय! कपाळावरची आठी, बोटात अडकलेलं टरफल, मिशीला लागलेलं मीठ, सगळं मोजून घ्या. सामन्यागणिक तो होताच. शेवटी फोकस सतत चालू राहील अशा खटक्यावर कॅमेरा टाकला, नाहीतर तो एकदा नेम धरून तिथंच गोठतो. फोकसचा ठिपकाही एकच ठेवला, मधला, आणि तो पोराच्या छातीवरून हलू द्यायचा नाही असं ठरवलं. तेव्हा कुठं शेंगावाले धूसर झाले. थोडी चुटपुट लागली. सवय झाली होती.

एवढं करूनही हवेत आडवा पुतण्या काही मिळेना. मी मैदानाच्या मधोमध, बाजूच्या रेषेजवळ खुर्ची टाकून बसायचो, कारण तिथून सगळं दिसतं. रोज संध्याकाळी मैदानावर येऊन बसणारे एक आण्णा आहेत. तरुणपणी पळती चांगली होती म्हणतात, आता गुडघे बसतीला आलेत. ते चार-पाच दिवस माझ्याकडं नुसते बघत होते. मग आले.

"काय काढलालास रे?"

"खो-खोचे फोटो, आण्णा."

"हिथनं? हिथनं पोरांच्या पाठी दिसणार की. डाइव्ह पायजे ना? मग खांबापाशी जाऊन बस. पोरगं कुठं जाणार खांब सोडून?"

आणि मग त्यांनी मला जे सांगितलं ते कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत कुठंच नाही. आठ जण ओळीनं बसतात, शेजारच्या दोघांची तोंडं उलट्या दिशांना. पळणारा हवा तसा नागमोडी फिरेल, मधली पाटी, म्हणजे बसलेल्यांच्या ओळीखालचा दोन खांबांमधला पट्टा, ओलांडून आरपार जाईल; पाठलाग करणाऱ्याला ती मुभा नाही. एकदा खांदा एका बाजूला वळला की त्यानं त्याच दिशेनं खांबापर्यंत जायचं, मधली पाटी ओलांडायची नाही. म्हणजे पळणाऱ्याच्या मनात काय आहे ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही, पण पाठलाग करणाऱ्याचा खांदा बघितला की पुढच्या दोन सेकंदांचा सगळा कारभार कळतो. "खांद्याकडं बघ," आण्णा म्हणाले, "हाताकडं बघू नको. हात खोटं बोलतंय."

मी खांबापाशी गेलो. चारेक फूट उंचीचा तो खांब कुठं पळत नाही, एवढ्याच गोष्टीनं मला भरून आलं. त्याच्यावर आधीच फोकस धरून ठेवायचा आणि खांदा इकडं वळला की पोरगं पोचायच्या आत बटण दाबायला सुरुवात करायची. दिसल्यावर नव्हे, दिसणार आहे म्हणून.

जागेचं महत्त्व मोठमोठ्यांना चुकलेलं नाही. 25 मे 1965 ला अमेरिकेतल्या लुइस्टन गावी मुहम्मद अलीनं मुष्टियुद्धात सॉनी लिस्टनला पहिल्याच फेरीत आडवा केला. खाली लिस्टन पसरलेला आणि वर अली दंड वळवून ओरडतोय, तो जगप्रसिद्ध फोटो नील लायफर या बावीस वर्षांच्या पोराचा. त्याच फोटोत अलीच्या दोन पायांमधून पलीकडे एक फोटोग्राफर दिसतो. हर्ब शार्फमन, वयानं आणि अनुभवानं थोर. त्याच्या वाट्याला त्या क्षणी अलीची पाठ आली. मला लायफरबद्दल आदर आहे, पण जीव तुटतो तो शार्फमनसाठी.

खांबापाशी बसायचं तर खुर्ची चालत नाही. खेळाडू उंच आणि झेप मोठी दिसायला कॅमेरा जमिनीलगत हवा, म्हणजे फोटोग्राफरानं पालथं पडायचं. सोलापूरच्या मातीत दुपारी चारला पालथं पडणं काय असतं ते पडल्याशिवाय कळायचं नाही. म्हणून घरातून चादर घेतली, तर बायको दारात आडवी. "भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर आहे ही. लोक लांबून लांबून येऊन घेऊन जातात. आणि तुम्ही मातीत घालणार?" शेवटी खताचं रिकामं पोतं मिळालं. त्याला कसलंच मानांकन नव्हतं.

मध्येच मला पॅनिंगचं वेड लागलं. यात शटर मुद्दाम हळू ठेवतात, 1/30 च्या आसपास, आणि पळणाऱ्याबरोबर कॅमेराही त्याच वेगानं फिरवतात. जमलं तर माणूस स्पष्ट आणि मागचं सगळं रेघारेघांचं होऊन वेग दिसतो. याचा सराव रस्त्यावर करा असं जाणकार सांगतात. जाणकार सोलापुरात राहत नसावेत. मी सात रस्ता चौकात कडेला उभा राहून येणाऱ्या मोटारसायकलींवर कॅमेरा फिरवू लागलो, आणि दहा मिनिटांत अख्ख्या चौकाची शिस्त सुधारली. लांबून मला बघताच ट्रिपल सीटमधला तिसरा उतरून चालायला लागायचा. आरशाला अडकवलेलं हेल्मेट डोक्यावर चढायचं. काही जण सरळ यू-टर्न घेऊन आले तसे परत जायचे. पॅनिंगला काय लागतं, तर एका सरळ वेगानं जाणारं वाहन. माझ्यासमोर येणारं प्रत्येक वाहन ब्रेक मारत होतं. एका काकांनी तर गाडी बाजूला लावून डिकीतून कागदपत्रं काढली आणि माझ्यासमोर धरली. पीयूसी परवाच संपलीय, एवढी एक वेळ सोडा, म्हणाले. मी सोडलं.

रात्रीच्या कबड्डीबद्दल बोलावं तितकं थोडं. मला वाटायचं, खो-खोपेक्षा सोपं. सगळे एवढ्याशा चौकोनात, चढाई तीस सेकंदांची, जाणार कुठं? पण तिथं वैरी खेळाडू नसतात, दिवे असतात. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळं मैदानावरचे बरेच दिवे सेकंदाला शंभरदा कमीजास्त होतात. डोळ्याला पत्ता लागत नाही, 1/1000 च्या शटरला लागतो. एकाच पकडीचे ओळीनं काढलेले चार फोटो: एक उजळ, एक काळपट, एक पिवळा, आणि चौथ्यात सगळ्या संघाला कावीळ. त्यात माझी लेन्स गरिबाघरची. लांबवर ताणली की एफ 5.6 वर जाते, म्हणजे उजेड आत घेणारं तिचं भोक बारीक होतं, आणि एफ 2.8 वाल्यांना मिळतो त्याच्या चौथा हिस्सा उजेड. ती 2.8 वाली दीड किलोच्या आसपास भरते आणि नवी घ्यायची तर लाखाच्या वर जाते, म्हणून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची भूक, 6400 वर नेऊन फोटोत रव्यासारखे दाणे पडू द्यायचे आणि गप्प बसायचं.

तरी कबड्डीतली एक गोष्ट कामाची निघाली. चढाईवाला अडकला की धडपडतो मधल्या रेषेकडं, म्हणजे स्वतःच्या अंगणाकडं. तोंड तिकडं, हात तिकडं, सगळी तगमग तिकडं. तेव्हा त्याच्या अंगणामागच्या रेषेला बसावं. समोरच्या टोकाला बसलं तर वाट्याला सात जणांच्या पाठी येतात. मध्यंतरानंतर अंगणं बदलली की आपणही पोतं उचलायचं.

तर पोल डाइव्ह. आंतरशालेय सामन्यात एकदाचा मिळाला. पुतण्याचा खांदा वळला, मी बटणावर बोट ठेवून दाबतच राहिलो, समोर काळोख-उजेड-काळोख झाला, शिट्टी वाजली, पोरं ओरडली. काय झालं ते मला नेहमीप्रमाणं कळलं नाही. कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितलं तर पोरगं खांबाला एका हातानं धरून आडवं हवेत, दुसऱ्या हाताची बोटं पळणाऱ्याच्या पाठीला नुकती टेकलेली, मागं उन्हात सोनेरी धूळ. डोळे उघडे. नाक नाकाच्या जागी. आण्णांना दाखवला, तर त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितला आणि "आलंय की रे," एवढंच म्हणाले.

घरी तर काय विचारता! वहिनींनी माहेरच्या ग्रुपवर टाकला, फ्रेमवाल्याला मापं विचारली, हॉलमधल्या जुन्या घड्याळाची जागा बदलायचं ठरलं. पुतण्यानं कौतुकानं खो-खोच्या सरांना पाठवला. सरांचा रात्री फोन आला, पुतण्याला नव्हे, मला.

"फोटो झकास आहे. याच्या आधीचाही असेल ना हो? ओळीनं काढता ना तुम्ही?"

होता. पाठवला. आधीच्या फोटोत पुतण्या खांबापासून हातभर अलीकडं, डावा पाय पूर्ण मधल्या पाटीवर. इतका स्पष्ट, की बुटाची सुटलेली नाडीसुद्धा दिसत होती. पंचांना दिसला नव्हता, कुणालाच दिसला नव्हता. सरळसरळ फाउल, आणि गडी मात्र बाद दिलेला. सरांनी तो फोटो दुसऱ्या दिवशी सगळ्या संघाला बसवून दाखवला. त्यातल्या कुणीतरी तो पुढं पाठवला, तो समोरच्या शाळेपर्यंत पोचला, त्यांचे सर पंचांकडं गेले. निकाल बदलला नाही, पण पुढच्या सामन्याला पंचांनी मला बोलावून नम्रपणे सांगितलं, "साहेब, फोटो काढा, अवश्य काढा. पण जरा लांबून. ती खुर्ची टाकलीय बघा मधे, बाजूच्या रेषेजवळ. तिथून सगळं दिसतं."

पुतण्या आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. वहिनी बोलल्या. आता कुठला फोटो कुणी बघितलाय याचा काही भरवसा राहिला नाही, तेव्हा हॉलसाठी फ्रेम करायची ती कमरेपासून वरचीच करा, म्हणाल्या.