पाचवी आवृत्ती! पण कितीची?

मुखपृष्ठावर सोनेरी गोल, त्यात ‘बेस्टसेलर’ आणि खाली ‘सहा महिन्यांत पाचवी आवृत्ती’. नव्या मराठी कादंबरीवर असं काही दिसलं की पैसे काढायच्या आधी मुद्रणाचं पान उघडा. तिथे आवृत्तीचा क्रमांक असतो, तारीख असते. प्रती किती छापल्या, ते बहुतेक वेळा नसतं. सगळी मेख तिथेच आहे.

ऑफसेटवर, म्हणजे पानांचे ठसे असलेल्या प्लेटांवरून, छापायचं तर आधी त्या प्लेटा कराव्या लागतात. एका मोठ्या कागदावरच्या १६ पानांचा एक फॉर्म, म्हणजे २४० पानी कादंबरीचे १५ फॉर्म. तो खर्च १००० प्रतींवर पसरला तर परवडतो, २०० वर नाही. म्हणून आवृत्ती म्हटलं की हजार-अकराशे प्रती असं सगळे धरून चालायचे. डिजिटल छपाईत प्लेटच नाही. १०० काढा, संपल्या की पुन्हा १०० काढा. यात गैर काही नाही, उलट गोदामात गठ्ठे कुजत नाहीत. पण दर शंभराला ‘आवृत्ती’ म्हटलं की पाच आवृत्त्यांच्या मिळून ५०० प्रती होतात. आणि २००० छापून त्यातल्या दीड हजार खपलेली शेजारची कादंबरी बिचारी ‘पहिली आवृत्ती’च राहते!

मजकुरात बदल नसेल तर खरं म्हणजे ती आवृत्तीच नव्हे, ते पुनर्मुद्रण. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, ताडून बघा. नुसत्या पुनर्मुद्रणाला नवा क्रमांक लागत नाही. मजकुरात मोठा बदल झाला किंवा पेपरबॅकचं हार्डबाउंड केलं तर लागतो. ‘पाचवी’वर पहिलीचाच क्रमांक आणि तेवढीच पानं असतील तर समजून जा.

अ‍ॅमेझॉनचा ‘नंबर वन’ याहून हलका. ती क्रमवारी सतत बदलते आणि शिक्का एखाद्या उपविभागापुरताही मिळतो. उपविभाग लहान असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आज दुपारी बाराला सगळ्यांनी ऑर्डर टाका’ एवढ्यावर भागतं. स्क्रीनशॉट मात्र वर्षभर फिरतो.

अमेरिकेतही हे चालतं. न्यूयॉर्क टाइम्सची बेस्टसेलर यादी १९३१ पासूनची. ठरावीक दुकानं आकडे कळवतात आणि घाऊक खरेदीचा वास आला तर नावापुढे खंजिराची खूण पडते. ऑगस्ट २०१७ मध्ये एक किशोर कादंबरी थेट पहिल्या क्रमांकावर आली. दुकानांना फोन करून ‘तुम्ही टाइम्सला आकडे कळवता का?’ असं विचारून मोठ्या ऑर्डरी दिल्या गेल्याचं लेखक-वाचकांनीच शोधून काढलं, आणि टाइम्सने ती यादीतून काढली. पण तिथे काढून टाकायला निदान यादी तरी आहे. आपल्याकडची बरीच विक्री प्रदर्शनातल्या टेबलावर, ग्रंथालयांच्या खरेदीत आणि प्रकाशकाकडून थेट होते. हे आकडे एकत्र येतच नाहीत, मग खपाचा दावा तपासायचा कशावर?

प्रकाशकांनी आवृत्तीशेजारी ‘प्रती ३००’ एवढं छापावं. शाईचा खर्च वाढणार नाही.

लेखकांनी करारातच दर मुद्रणाची प्रतसंख्या आणि वर्षाकाठी छापलेल्या, विकलेल्या व भेट दिलेल्या प्रतींचा हिशेब लिहून घ्यावा. ३०० रुपये किमतीवर १० टक्के रॉयल्टी धरली तर १००० प्रतींचे ३० हजार होतात, ५०० चे १५ हजार. पाचव्या आवृत्तीचे पेढे त्यानंतर वाटावेत.