खोक्यावरची १२ जीबी रॅम

गणपती जवळ आले की मला हमखास मेसेज यायला लागतात. "दादा, आईसाठी फोन घ्यायचाय, दहा हजारांच्या आत, कुठला घेऊ?" चाकरमानी मुंबईहून येताना फोन घेऊन येतो, चार दिवस राहतो, गणपती पोचवून परत जातो. फोनच्या तक्रारी मात्र वाडीतच राहतात आणि त्या निस्तरायला आम्ही इथे बसलेलेच असतो. म्हणून यंदा आधीच लिहून टाकतो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

या किमतीत सगळ्या फोनचं अंग जवळपास सारखंच असतं. तीच ५००० एमएएचची बॅटरी, तोच ५० मेगापिक्सेलचा कॅमेरा, तीच एचडी प्लस स्क्रीन. फोन चांगला की डोक्याला ताप, हे ठरतं आतल्या सॉफ्टवेअरवर. त्याबद्दल खोक्यावर एक अक्षर नसतं आणि दुकानात कुणी विचारत नाही.

खोक्यावर काय असतं? रॅम, म्हणजे चालू असलेली ॲप ठेवायची फोनमधली तात्पुरती जागा. आमच्या शेजारच्या अण्णांनी फोन आणला तेव्हा आधी खोकाच दाखवला. "अरे, बारा जीबी रॅम असा ह्येका! आठ हजारात खंय गावता?" मी चष्मा लावून खालची बारीक अक्षरं वाचली. ४ जीबी खरी, ८ जीबी 'व्हर्च्युअल'. म्हणजे काय, तर फोनच्या स्टोरेजमधलाच एक तुकडा रॅम म्हणून वापरायचा. खऱ्या रॅमपुढे स्टोरेजचा वेग काहीच नाही. त्यामुळे मागे पडलेलं ॲप तिथे जाऊन बसतं खरं, पण परत बोलावलं की रखडत येतं. शिवाय तेवढी जागा फोटोंसाठी कमी होते ती वेगळीच. ज्याच्याकडे खरी ४ जीबी आहे त्याला मी हे व्हर्च्युअल प्रकरण बंद करून बघायला सांगतो. बहुतेकांना काडीचा फरक कळत नाही.

त्यापेक्षा स्टोरेज कुठल्या जातीचं आहे ते विचारा. स्वस्त फोनमध्ये बहुतेक ईएमएमसी असतं, थोडे पैसे जास्त टाकले की यूएफएस मिळतं. ईएमएमसीमध्ये एका वेळी वाचणं तरी होतं नाहीतर लिहिणं तरी. यूएफएसमध्ये दोन्ही एकदम चालतं. आपल्याला हे वेगळं समजावायला नको. कोकण रेल्वेचा बराचसा मार्ग अजून एकेरी आहे आणि क्रॉसिंगसाठी गाडी बाजूला काढली की आपण डब्यात बसून काय काय बोलतो ते आठवा. फोनमध्ये व्हॉट्सॲपचे व्हिडिओ उतरत असताना कॅमेरा उघडायला गेलात की नेमकं तेच होतं. त्यात स्टोरेज गच्च भरलं की फोन आणखी मंदावतो. 'शुभ सकाळ'ची फुलं आणि सूर्योदय आपोआप उतरणं व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये बंद करा. अर्ध्या वाडीचे फोन मी एवढ्यावरच 'दुरुस्त' केले आहेत आणि वर चहाही प्यायलोय.

प्रोसेसरचं, म्हणजे फोनच्या मेंदूचं, थोडक्यात. 'ऑक्टा-कोर', म्हणजे काम करणारे आठ भाग, या शब्दाला भुलू नका. हेलिओ जी३६ या प्रोसेसरमध्ये आठही कोर कॉर्टेक्स-ए५३ या जातीचे आहेत, आणि ते डिझाईन २०१२ सालचं. युनिसॉक टी६०६ किंवा हेलिओ जी८५ मध्ये निदान दोन जास्त ताकदीचे ए७५ कोर असतात, जड काम तेच ओढतात. दोन्हीकडे कोर आठच, पण रोजच्या वापरात फरक जाणवतो.

आता माझा खरा राग कशावर आहे ते सांगतो. बॅटरी दोन दिवस चालते असं दाखवायला काही कंपन्या मागे चालणारी ॲप गुपचूप मारून टाकतात. अँड्रॉइडची स्वतःची बॅटरी वाचवायची पद्धत आहे, २०१५ साली अँड्रॉइड ६ पासून ती आली, आणि ती बरीच समजूतदार आहे. महत्त्वाचा मेसेज असेल तर ती ॲपला उठवते. या कंपन्या त्यावर स्वतःची कात्री चालवतात. काही फोनमध्ये तर अलीकडच्या ॲपच्या यादीतून ॲप बोटानं बाजूला सारलं की ते कायमचं थांबतं, आणि तुम्ही स्वतः उघडेपर्यंत त्याला एकही सूचना पोचत नाही.

मुंबईत कचेरीत बसलेल्या माणसाला याचं फारसं काही वाटणार नाही. त्याच्यासमोर लॅपटॉप असतो. इथे फोन हाच गल्ला, हीच वही, हाच बोर्ड. एप्रिल-मे मध्ये आंब्याची ऑर्डर व्हॉट्सॲपवर येते, पैसे यूपीआयवर. मागच्या हंगामात अण्णा पडवीत पेट्या भरत होते, फोन बाजूला पालथा ठेवलेला. समोरच्या गिऱ्हाईकानं पैसे टाकले, स्क्रीनही दाखवली. अण्णांच्या फोनवर काहीच नाही. "तू पैसे टाकलंस म्हणतंस, माका तर काय इला नाय." गिऱ्हाईक ओशाळलं, अण्णा ताठ. मी जाऊन ॲप उघडलं, आणि सकाळपासूनच्या सगळ्या सूचना धडाधड पडायला लागल्या. त्यात या पैशांची होती, आणि तीन पेट्यांची एक ऑर्डरही होती. ती बाई उत्तराची वाट बघून दुसरीकडे गेली होती. बॅटरी मात्र ऐंशी टक्के शिल्लक. करायचंय काय त्या ऐंशी टक्क्यांचं?

नवा फोन हातात आला की पहिल्याच दिवशी हे करा. सेटिंगमध्ये ॲपच्या यादीत जाऊन व्हॉट्सॲप, यूपीआयचं ॲप आणि बँकेचं ॲप उघडा. बॅटरीच्या भागात 'अनरिस्ट्रिक्टेड' निवडा. 'ऑटोस्टार्ट' असं काही दिसलं तर तेही चालू करा. बॅटरी थोडी जास्त जाईल, जाऊ दे.

दुसरा राग जाहिरातींवर. लॉक स्क्रीनवर रोज नवं चित्र आणि त्याखाली बातमी, फाईल मॅनेजर उघडला तरी जाहिरात, कंपनीच्या स्वतःच्या ॲप स्टोअरची 'गरमागरम ॲप' म्हणून सूचना. फोन स्वस्त देता येतो याचं एक कारण हे आहे, कळतं मला. पण आईच्या फोनवर 'पाच मिनिटांत कर्ज' असं येतं आणि ती ते बँकेचंच समजून दाबायला जाते, तेव्हा समजूतदारपणा संपतो. फोन सुरू करताना 'पुढे' 'पुढे' दाबत जाऊ नका. शिफारशी, वैयक्तिक जाहिराती, लॉक स्क्रीनवरच्या गोष्टी, सगळ्याला नकार द्या. नंतर शोधत बसलात तर एकेक बटण वेगळ्या कोपऱ्यात सापडतं.

सगळंच वाईट आहे असं नाही. मराठीत बोलून टाईप करणं ही आठ हजारांच्या फोनवरची फार मोठी सोय आहे. चार इयत्ता शिकलेल्या बायका भल्यामोठ्या ऑर्डरी बोलून लिहितात. अण्णांची मालवणी त्याला कळत नाही आणि त्याची पुणेरी अण्णांना पटत नाही, तेवढं एक भांडण आहे. नकाशा आधी उतरवून ठेवला तर रेंज नसलेल्या घाटातही रस्ता दिसतो. आणि ज्यांना फक्त फोन, व्हॉट्सॲप, फोटो एवढंच लागतं, त्यांना मी अँड्रॉइड गो वाला फोनही सुचवतो. लोक त्याला नाक मुरडतात. पण २०१७ च्या डिसेंबरात ते आलं तेच मुळी कमी रॅमच्या फोनसाठी, आणि अँड्रॉइड १३ च्या गो आवृत्तीला २ जीबी रॅम पुरते. भरमसाट नक्षीकाम चढवलेल्या फोनपेक्षा ते साधं बरं.

अपडेटचं विचारायला विसरू नका. सुरक्षेचे अपडेट किती वर्षं, हा प्रश्न दुकानदाराला विचारलात की तो आधी तुमच्याकडे बघतो, मग मालकाकडे. काही स्वस्त फोनना ते दोनच वर्षं मिळतात. सॅमसंगनं २०२४ मध्ये गॅलेक्सी ए१६ ५जी आणला तेव्हा सहा वर्षांचं वचन दिलं. तो दहा हजारांत बसत नाही, पण मनात आणलं तर देता येतं एवढं त्यातून कळलं. आपल्याकडे फोन आईकडून काकीकडे, काकीकडून घरच्या गड्याकडे असा फिरत राहतो. जुन्या अँड्रॉइडवर एकेक ॲप बंद पडत जातं. व्हॉट्सॲपनं २०२५ च्या सुरुवातीला अँड्रॉइड ४.४ ला रामराम केलाच.

वायफाय कॉलिंग, म्हणजे रेंज नसताना घरच्या वायफायवरून साधा फोन लावायची सोय, आहे का तेही बघा. एअरटेलनं ते २०१९ च्या डिसेंबरात आणि जिओनं २०२० च्या जानेवारीत सुरू केलं, पण फोनच्या सॉफ्टवेअरमध्येही ते असावं लागतं. चिऱ्याच्या जाड भिंतींच्या माजघरात रेंज येत नाही, आणि पावसाळ्यात रात्री म्हाताऱ्या माणसाला बोलण्यासाठी खळ्यात उभं करणं बरं नव्हे. घरी ब्रॉडबँड घेतलेलं असेल तर ही सोय सोन्यासारखी. लाईट गेली की राऊटर बंद, हे आहेच. छोटा इन्व्हर्टर बसवा.

आणि एक सेटिंग. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं, पुढच्या मे महिन्यात तौक्तेनं झोडपलं. त्यानंतर, २०२३ मध्ये सरकारनं सेल ब्रॉडकास्टच्या इशाऱ्यांची देशभर चाचणी घेतली. अनेकांचे फोन तेव्हा अचानक कर्कश वाजले आणि लोक घाबरले. या इशाऱ्याला इंटरनेट लागत नाही, तुमचा नंबरही लागत नाही, त्या टॉवरखालच्या सगळ्या फोनवर तो एकदम येतो. टॉवरच पडला तर अर्थात काही नाही, पण इशारा वादळाच्या आधी येतो आणि तेव्हा टॉवर उभा असतो. चाचणीच्या आवाजाला वैतागून बऱ्याच जणांनी तो बंद करून टाकलाय. सेटिंगमध्ये वर शोधाच्या जागी 'इमर्जन्सी अलर्ट' लिहा, सापडेल. बोटीवर जाणाऱ्यांनी तर बंदर सोडायच्या आधी बघा. तांडेलाचा एकट्याचा फोन चालू असून भागत नाही, खलाशांचेही बघा.

मॉडेलचं नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही, दिवाळीपर्यंत ते बदललेलं असेल. बजेट आणि कोणासाठी घ्यायचाय ते कमेंटमध्ये लिहा, सवडीनं उत्तर देतो. 'गेमिंगसाठी आठ हजारांत' असं विचारणाऱ्यांनी कृपया पोस्ट पुन्हा वाचावी.