साताऱ्याचा फ्रिअर, झुलूंचा फ्रिअर

रस्त्याचं वा स्टेशनचं इंग्रजी नाव बदललं की मुंबई-पुण्याच्या मित्रांत दोन तट पडतात. एक म्हणतो, बरं झालं. दुसरा म्हणतो, तो साहेब भला होता हो. लंडनमध्ये बसून हे वाचताना मला सर बार्टल फ्रिअर आठवतो. मुंबईतला त्याचा फ्रिअर रोड आता पी. डिमेलो मार्ग आहे, आणि ते योग्यच झालं. इथे मात्र थेम्सकाठच्या बागेत त्याचा पुतळा उभा आहे.

भल्या साहेबाचा दाखला म्हणून फ्रिअरच पुढे करता येईल. १८४८ मध्ये तो साताऱ्याचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रज सरकारचा प्रतिनिधी होता. छत्रपती शहाजी ऊर्फ अप्पासाहेब महाराज एप्रिलमध्ये वारले, त्याआधी त्यांनी दत्तक घेतला होता. त्या दत्तकाचा हक्क मान्य करावा, असं फ्रिअरने सरकारला कळवलं. गव्हर्नर जनरल डलहौसीने मानलं नाही. राज्य खालसा झालं आणि त्या मुलखाचा कमिशनर झाला फ्रिअरच.

हुकमाचा ताबेदार, काय करणार बिचारा, असं म्हणणाऱ्यांनी त्याची पुढची कारकीर्द पाहावी. सिंधचा कमिशनर, १८६२ ते १८६७ मुंबईचा गव्हर्नर (किल्ल्याचा तट त्याच्याच काळात पाडला गेला), आणि १८७७ पासून दक्षिण आफ्रिकेत हाय कमिशनर. लंडनच्या सरकारला तेव्हा तिथल्या झुलू राज्याशी युद्ध नको होतं. पण दक्षिण आफ्रिकेतल्या केपपर्यंत तारेची सोय नव्हती, उत्तर यायला आठवडे लागत. त्या अवधीत, डिसेंबर १८७८ मध्ये, फ्रिअरने राजा सेत्शवायोला सैन्यव्यवस्था मोडायला सांगणारा निर्वाणीचा खलिता धाडला. मुदत संपताच ११ जानेवारी १८७९ ला फौजा घुसल्या. २२ जानेवारीला इसांडलवानाला इंग्रजांच्या बाजूचे तेराशेहून अधिक लोक पडले. युद्ध संपेपर्यंत हजारो झुलू मारले गेले. १८८० मध्ये फ्रिअरला परत बोलावलं. रोर्क्स ड्रिफ्टच्या ठाण्यावर मूठभर इंग्रज सैनिकांनी झुलूंचा हल्ला परतवला, ते शौर्य इथल्या माझ्या परिचितांना पाठ असतं. युद्ध कुणी लादलं, ते विचारलं की गप्प होतात.

वरिष्ठांना डावलणं या माणसाला जमत होतं, हे झुलूंच्या मुलखात दिसलं. साताऱ्यात तो अवघा तेहेतीस वर्षांचा होता, अधिकार तोकडे होते, हे मान्य. डलहौसीला तो रोखू शकत नव्हता. पण जे अन्यायाचं आहे असं स्वतःच कळवलं होतं, त्याचा कारभार पाहायला नकार देता आला असता. त्याने तो दिला नाही.