आवाजाला बूड हवं

मेटॅलिका या अमेरिकन हेवी मेटल बँडचा '...अँड जस्टिस फॉर ऑल' हा माझा सगळ्यात लाडका अल्बम, आणि राग म्हणाल तर तोही सगळ्यात जास्त त्याच्याच रेकॉर्डिंगवर आहे. परवा यावरून एका जुन्या मित्राशी रात्री एक वाजेपर्यंत वाद झाला. त्याचं म्हणणं, तो कोरडा, सुरीसारखा आवाज हीच त्या अल्बमची ओळख आहे, त्याला हात लावू नये. फोनवर मला नीट मांडता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय. लांबेल, वेळ काढून वाचा.

१९९७ साली मी अकरावीत होतो, डोंबिवलीला. या अल्बमची कॅसेट हातात आली तेव्हा पैसे साठवून घेतल्याचं सार्थक झालं असं वाटलं. घरी टू-इन-वनमध्ये लावली. गिटार कानाशी घासून जातेय, ड्रम टकटक वाजतोय, आणि खाली काहीच नाही. मला वाटलं हेड खराब झालं. कापसाला स्पिरिट लावून पुसलं, तरी तेच. शेवटी टेप उचलून दुरुस्तीवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी माझी कॅसेट दोन मिनिटं ऐकली, ती काढून आर. डी. बर्मनची लावली, आणि दुकानातलं फळकूट थरथरायला लागलं. म्हणाले, "हेड झकास आहे रे. तुझ्या कॅसेटमध्येच खालचा आवाज नाहीये."

हे वाक्य मी आजही विसरलेलो नाही, कारण ते शब्दशः खरं होतं. या अल्बमवर बँडच्या जेसन न्यूस्टेडने बेस (खालचे, खर्जातले सूर देणारी गिटार) वाजवलाय, पण तो जवळजवळ ऐकूच येत नाही.

कारण एकच नव्हतं. २७ सप्टेंबर १९८६ ला स्वीडनमध्ये बँडची बस उलटली आणि त्यांचा आधीचा बेसवादक क्लिफ बर्टन गेला. वय २४. त्याच्या जागी जेसन आला. क्लिफ बोटांनी वाजवायचा, गिटारच्या रिफला (पुन्हा पुन्हा येणाऱ्या सुरावटीला) सोडून स्वतःची वेगळीच चाल धरायचा. 'फॉर हूम द बेल टोल्स'ची सुरुवात मी कित्येक वर्षं गिटारच समजत होतो, तो क्लिफचा बेस आहे. जेसन पिकने वाजवणारा, आणि इथे त्याने बहुतेक ठिकाणी गायक-गिटारवादक हेटफील्डच्या गिटारचीच चाल धरली. त्यात हेटफील्डच्या गिटारच्या आवाजातला मधल्या सुरांचा पट्टा कापून टाकलेला आणि खालचा वाढवलेला, म्हणजे बेसने बसायची जागा गिटारनेच बळकावली. वर मिक्सिंग, म्हणजे कुठल्या वाद्याचा आवाज किती ठेवायचा ते ठरवणं. ते करणारा स्टीव्ह थॉम्पसन नंतर अनेकदा सांगत आलाय की बेस कमी कर, अजून कमी कर, हे ड्रमर लार्स उलरिककडून आलं. दौऱ्यांमुळे तेव्हा आमचे कान थकलेले होते, असं हेटफील्डही बोललाय. नवीन आलेल्या माणसाला जाणूनबुजून दाबलं, असंही खूप जण मानतात. ते मला ठरवता येत नाही. पण 'ब्लॅकन्ड'च्या गीतकारांमध्ये ज्याचं नाव आहे, त्याचाच बेस त्या गाण्यात शोधावा लागतो, हे मला अन्यायाचंच वाटतं.

आणि सगळ्यात जास्त खुपतं ते याच अल्बममधलं 'टू लिव्ह इज टू डाय'. जवळजवळ दहा मिनिटांची रचना, क्लिफच्या मागे राहिलेल्या रिफमधून उभी केलेली. गेलेल्या बेसवादकाला वाहिलेली श्रद्धांजली, आणि तिच्यात बेस ऐकूच येत नाही. मधला तो संथ भाग लागला की माझा घसा दाटून येतो, आणि त्याच क्षणी वाटतं, अरे, याच्या खाली ती एक तार वाजायला हवी होती रे.

माझे बाबा भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. ज्यांनी पखवाज जवळून पाहिलाय त्यांना माहीत आहे, बसण्याआधी डाव्या तोंडाला, धुमेला, ओली कणीक थापतात. कणकेच्या वजनाने कातडं जड होतं आणि खर्ज उतरतो. मी लहानपणी विचारलं होतं, हे कशाला? बाबा म्हणाले, "कणीक नसली तर आवाजाला बूड नसतं. वरचे बोल मग हवेत उडून जातात." मेटलमध्ये 'हेवी' म्हणजे काय, याचं यापेक्षा नेमकं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

मेटलचा मूळ पुरुष म्हणावा तो बँड, ब्लॅक सबाथ घ्या. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी बर्मिंगहॅममधल्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतराव्या वर्षी मशीनमध्ये उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका हाच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणं बनवली, त्यावर चामडं चिकटवलं, हलक्या तारा लावल्या. 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी' या अल्बमपर्यंत येता येता, १९७१ मध्ये, काही गाण्यांसाठी तारा तीन अर्धस्वर खाली उतरवल्या. ताण कमी, बोटांना त्रास कमी. बेसवादक गीझर बटलरनेही बेस तितकाच उतरवला. 'इनटू द व्हॉइड' ऐका. पुढच्या काळात डूम आणि स्लज (मेटलचे संथ, जड प्रकार) म्हणून जे जे आलं, त्याची धुमेवरची कणीक तिथे थापली गेली. आणि पहिला अल्बम तर साधारण एका दिवसात वाजवून झालेला! १३ फेब्रुवारी १९७० ला बाजारात आला. त्यात चौघंही अलग अलग ऐकू येतात, गीझर तर प्रत्येक गाण्यात.

आयर्न मेडन या बँडचं सांगायलाच नको. बेसवादक स्टीव्ह हॅरिस तिथे बँडचा कणाच आहे. १ फेब्रुवारी २००८ ला त्यांनी एक जगदौरा आपल्या मुंबईतून, बांद्रा-कुर्ला संकुलातून सुरू केला तेव्हा मी गर्दीत खूप मागे होतो. गिटारी मधूनमधून वाऱ्यावर जात होत्या, पण हॅरिसच्या बोटांची ती घोड्याच्या टापांसारखी टपटप शेवटपर्यंत पोचत होती.

मित्राचा मुद्दा होता: मग स्लेयर या बँडच्या 'रेन इन ब्लड'मध्ये तरी बेस कुठे ऐकू येतो? बरोबर आहे. पण तो अल्बम संपतो अर्ध्या तासाच्या आत, आणि खालची जागा ड्रमर डेव्ह लोम्बार्डोचे ड्रमवरचे पाय भरून काढतात. डार्कथ्रोन या बँडचा १९९४ चा 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर'ही मला फार आवडतो. चार ट्रॅकच्या साध्या मशीनवर केलेलं, गोठलेल्या पत्र्यावर नखं ओढल्यासारखं रेकॉर्डिंग. ती थंडी त्यांना तशीच हवी होती आणि गाणीही तशीच एकसुरी, बर्फासारखी लिहिलीत. 'जस्टिस'ची गाणी तशी नाहीत. बहुतेक सहा ते दहा मिनिटांची, दर मिनिटाला ताल बदलणारी, वाड्यासारखी बांधलेली गाणी आहेत ती. एवढ्या बांधकामाला पाया लागतो.

मेटॅलिकाच्याच पुढच्या 'ब्लॅक अल्बम'ला नावं ठेवणाऱ्यांशी म्हणूनच माझं जमत नाही. गाणी सोपी झाली, मान्य. पण निर्माता बॉब रॉकने १९९१ मध्ये 'सॅड बट ट्रू'च्या तारा एक पूर्ण स्वर खाली घ्यायला लावल्या आणि जेसनचा बेस पहिल्यांदा समोर आणला. पहिलाच ठोका ऐकून कळतं. त्यांच्याच २००८ च्या 'डेथ मॅग्नेटिक'मध्ये पुन्हा घात झाला, या वेळी वेगळ्या रोगाने: सगळंच इतकं वर चढवलं की ड्रमचा प्रत्येक घाव फाटतो. तीच गाणी 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेममध्ये जास्त स्वच्छ ऐकू येतात, हे समजल्यावर चाहत्यांनी तिथलीच काढून घेतली. मीही तीच ऐकतो.

२०१८ मध्ये 'जस्टिस' नव्याने रीमास्टर झाला (जुनंच रेकॉर्डिंग उजळून पुन्हा काढलं) तेव्हा मी आशा लावून बसलो होतो. बेस होता तिथेच ठेवला त्यांनी. झालेलं काम त्या काळाचं आहे, ते बदलायचं नाही, ही भूमिका मला समजते. चाहत्यांनी घरी बसून बेस वाढवलेल्या आवृत्त्याही ऐकल्या आहेत. काही उत्तम आहेत. तरी मन भरत नाही, कारण त्या खोलीत ते चौघे तसे वाजलेच नव्हते.

३० ऑक्टोबर २०११, बंगळूर, पॅलेस ग्राउंड्स, मेटॅलिकाची मैफल. बेसवर रॉबर्ट ट्रुहियो. 'जस्टिस'मधल्या 'वन'चा शेवटचा भाग सुरू झाला, तो मशीनगनसारखा डबल बेस ड्रम (दोन्ही पायांनी वाजवतात तो), आणि त्याच्या खालून बेस आला. चौदा वर्षं जे गाणं मी फक्त कानांनी ऐकत होतो, ते त्या रात्री पहिल्यांदा छातीत वाजलं. शेजारी एक अनोळखी पोरगा उभा होता, त्याचा खांदा मी घट्ट धरून ठेवला होता, गाणं संपेपर्यंत.