कॉप्टिक कापडावरची प्रत्येक वेल ख्रिस्ताची नसते

एका झकास फोटोखाली हा मजकूर सगळीकडे फिरतोय: ‘इजिप्तचं प्राचीन कॉप्टिक कापड म्हणजे ख्रिश्चनांची गुप्त चित्रलिपी. वेल म्हणजे ख्रिस्त, मासा म्हणजे श्रद्धा. हे भरतकाम ममी गुंडाळायला करत. अरब आले आणि कला संपली.’

आधी ‘कॉप्टिक’ शब्द. ग्रीक ‘आयगिप्तिओस’वरून अरबी ‘किब्त’ आला, त्यावरून ‘कॉप्टिक’. मूळ अर्थ नुसता इजिप्तचा माणूस. विणकराचा धर्म त्यातून कळत नाही.

आता गुप्त लिपी. वॉशिंग्टनच्या डंबार्टन ओक्स संग्रहालयात 6व्या शतकातलं एक लोकरी भिंतकापड आहे. मधोमध बसलीय हेस्टिया, चुलीची ग्रीक देवी. नाव तिच्या डोक्यावरच विणलंय. दोन्ही बाजूंच्या बालकांच्या हातात तबकड्या, त्यांवर एकेक शब्द: संपत्ती, आनंद, सद्गुण, प्रगती वगैरे. इजिप्त तोवर बहुतांशी ख्रिश्चन झालेला! यात लपवलंय काय? घरात बरकत नांदो, एवढंच मागणं. मासे, बदकं, कमळं ही नाईलच्या पुरानं येणारी सुबत्ता. वेल ख्रिस्ताची असू शकते, तशीच मद्यदेव डायोनायससचीही. नुसत्या वेलीवरून ठरवता येत नाही.

आणि बायबल विणायचं तेव्हा ते उघडच विणत. योसेफाची स्वप्नं, भावांनी त्याला विकणं, सगळं अंगरख्यावर विणलेल्या गोल चौकटींत. इ. स. 400च्या सुमारास आशिया मायनरमधले (आजचा तुर्कस्तान) बिशप अ‍ॅस्टेरियस अशा हौशी श्रीमंतांवर चांगलेच उखडले होते: हे कपडे विका आणि देवाच्या जिवंत प्रतिमांचा, म्हणजे माणसांचा, मान राखा!

भरतकाम? थोडं आहे, पण बहुतेक नक्षी विणलेली. लिननचा, म्हणजे जवसाच्या धाग्याचा ताणा (उभे धागे), रंगीत लोकरीचा बाणा (आडवे धागे). पैठणीच्या पदरावरचा मोर भरलेला नसतो, तसंच. जवळून पाहिलं तर गडद जांभळ्या लोकरीवर केसाएवढी पांढरी रेघ फिरताना दिसते. तो लिननचा जादा धागा. डोळे, बोटं, कपड्याच्या चुण्या त्यानंच काढलेल्या. (ते जांभळंही बहुधा समुद्री गोगलगायींपासून काढलेलं राजेशाही नव्हे, निळीवर मंजिष्ठाच्या तांबड्या रंगाचा हात.)

ममीचं म्हणाल, तर इजिप्तमधल्या अखमीम, अँटिनोपोलिसच्या थडग्यांतले कित्येक अंगरखे वापरून झिजलेले, रफू केलेले आहेत. माणसं घालायच्या कपड्यांतच पुरली जात.

राहिले अरब. 641च्या सुमारास त्यांनी इजिप्त जिंकल्यानंतरही माग चालूच होते. फक्त नक्षीत कूफी, म्हणजे जुन्या कोनदार वळणाची अरबी अक्षरं येऊन बसली.