जामीनदाराची सही

आज सकाळी लॉकरचा करार नव्याने करण्यासाठी बँकेत गेलो होतो. तेथे जे ऐकले ते संध्याकाळ झाली तरी डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितो आहे. माझ्या पुढे लातूरकडचे एक शेतकरी आणि त्यांची मुलगी बसली होती. मुलीला येथील एका खासगी महाविद्यालयात कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेरीतून अभियांत्रिकीला प्रवेश मिळालेला. कागद प्लास्टिकच्या पिशवीत, आणि पिशवी वडिलांच्या मांडीवर दोन्ही हातांनी धरलेली. अधिकाऱ्याने ती उघडायलाही लावली नाही. "काका, तुम्ही तुमच्या गावच्या शाखेत जा. तुमचा सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा गुणांक, बसत नाही, पीककर्ज थकलेले दिसते आहे. आणि एखादा सरकारी नोकरीतला जामीनदार आणलात तर बघू." एवढे बोलून तो माझ्याकडे वळला आणि हसून म्हणाला, "बोला सर."

मी बोललो, पण लॉकरविषयी बोललो, आणि त्याची लाज मला अजून वाटते आहे.

कारण "जामीनदार आणा" हे वाक्य मी २००३ साली ऐकले होते. जत तालुक्यातल्या आमच्या गावातून सांगलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, तेव्हा मला एक लाख वीस हजारांचे कर्ज हवे होते. आमच्या भावकीत पगारदार माणूस एकही नव्हता. शेवटी सही केली ती आमच्या गावात मुक्कामाला येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरमामांनी. ते आमच्या नात्याचे नव्हते, जातीचे नव्हते, गावचेही नव्हते. त्यांनी पगारचिठ्ठी दिली, हप्ते थकले तर पगारातून कापून घ्यावेत असे लिहून दिले आणि वडिलांना म्हणाले, "पोरगं हुशार हाय, एवढंच मला कळतं." त्या सहीवर मी शिकलो. पुढचे मागाहून सांगतो.

आधी त्या मुलीचे. "आता मुलींना सगळे फुकट आहे" असे म्हणणारे लोक आपल्या ओळखीतही पुष्कळ आहेत. २०२४ च्या जुलैमध्ये राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले, ही चांगली गोष्ट झाली आणि ते मी मनापासून म्हणतो. पण शिक्षण शुल्क माफ झाले म्हणजे खानावळवाला जेवण फुकट घालत नाही. विकास शुल्क, खोलीचे भाडे, मेस, लॅपटॉप असा चार वर्षांचा हिशेब त्या मुलीने स्वतः वहीच्या कागदावर मांडला होता, आणि तो तीन लाख ऐंशी हजार रुपयांचा होता.

हा आकडा नीट लक्षात घ्या, कारण चिडण्यासारखी गोष्ट येथेच आहे. देशातल्या बँकांची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना २००१ पासून चालू आहे आणि तिच्यात चार लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण नाही, त्रयस्थ जामीनदार नाही. आई किंवा वडील सहकर्जदार असले की पुरे. जामिनाचा किंवा घरदार-जमिनीच्या तारणाचा प्रश्न आलाच तर चार लाखांच्या पुढे. "गावच्या शाखेत जा" हेही चालत नाही, कारण शैक्षणिक कर्जाला शाखेच्या कार्यक्षेत्राची अट लावू नये असे रिझर्व्ह बँकेने २०१२ सालीच बँकांना कळवले आहे. म्हणजे त्या टेबलावर पाच मिनिटांत जी तीन कारणे दिली गेली, त्यांतली दोन नियमात बसत नाहीत.

तिसरे सिबिलचे. वडील सहकर्जदार असतात, तेव्हा बँक त्यांची पत पाहणार, हे मला नाइलाजाने मान्य आहे. पण ज्या माणसाचे सोयाबीन पावसात गेले म्हणून पीककर्ज थकले, त्याच्याच मुलीला शिकून त्या शेतातून बाहेर पडायचे आहे, आणि ते नेमके शेत थकले म्हणून तिला बाहेर पडता येणार नाही, हा कुठला न्याय? केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात सांगितले होते की केवळ सिबिलचा आकडा कमी आहे म्हणून शैक्षणिक कर्जाचा अर्ज फेटाळू नये. तो निकाल आपल्याकडच्या शाखांपर्यंत पोहोचायला किती वर्षे लागतील, ते त्या शाखाच जाणोत.

शैक्षणिक कर्जे बुडतात, मुले पत्ता बदलून नाहीशी होतात आणि वसुलीचा जाब शेवटी त्या टेबलावरच्या माणसाला द्यावा लागतो, हेही खरे आहे. ठीक आहे. पण मग अर्ज घ्या, तपासा आणि नाकारायचा तर लेखी नाकारा. अर्ज हातातच घ्यायचा नाही, म्हणजे नाकारल्याची नोंदही होत नाही, ही हुशारी मला सहन होत नाही.

आता कंडक्टरमामांचे उरलेले सांगतो. माझे कर्ज २०१२ मध्ये फिटले. २०१४ च्या दिवाळीत गावी गेलो असताना त्यांच्या मोठ्या मुलीने सहज बोलता बोलता सांगितले की त्यांच्या घराचा स्लॅब दोन वर्षे रखडला होता. पतसंस्थेने घरासाठी कर्ज दिले नाही, कारण "तुम्ही आधीच एकाला जामीन आहात." पत्र्याखाली दोन उन्हाळे काढले त्या घराने, आणि मामा मला बसमध्ये भेटले की फक्त विचारायचे, "कितवं सेमिस्टर चाललंय?" मला तेव्हा वाटले की हे त्यांचे मोठेपण. होतेच. पण त्यानंतर कधीतरी नियम वाचला आणि कळले की एक लाख वीस हजारांना जामीनदार लागतच नव्हता. ती सही बँकेने उगाच घेतली होती. त्या उगाच घेतलेल्या सहीखाली एका माणसाचे घर दोन वर्षे अडकून पडले.

बाबासाहेबांना १९१३ मध्ये कोलंबियाला जाण्यासाठी बडोदा संस्थानाने महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तेव्हा करार झाला तो शिकून आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांचे वडील वारले होते. सयाजीरावांनी तारण म्हणून शिकणाऱ्याचा उद्या घेतला. आपण अजून बापाचा सातबारा आणि शेजाऱ्याची पगारचिठ्ठी मागतो आहोत.

नवी योजना आली आहे, हे कोणीतरी सांगेलच, म्हणून मीच सांगतो. केंद्राने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये पीएम-विद्यालक्ष्मी मंजूर केली. तिच्यात तारण नाही, जामीन नाही, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत आहे. योजना चांगली आहे. पण सुरुवातीच्या यादीतल्या संस्था ८६० आणि त्या वरच्या क्रमांकाच्या. या मुलीचे महाविद्यालय यादीत नाही. तिच्यासाठी चार लाखांचा जुनाच नियम उरतो, आणि तो कोणी पाळत नाही.

लॉकरचे काम संपल्यावर मी स्कूटरपाशी त्यांना गाठले. मुलीला सांगितले की अर्ज ऑनलाइन कर, म्हणजे त्याची नोंद राहील. नकार दिला तर कारण लेखी माग. तीस दिवसांत तक्रारीचे उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. तिने सगळे त्याच वहीच्या कागदाच्या मागे लिहून घेतले. वडील ऐकत होते, आणि शेवटी अगदी हळू आवाजात म्हणाले, "साहेब, तुम्ही नोकरीत आहात का?"

प्रश्न कशासाठी आहे ते मला कळले. मी फोन नंबर दिला आणि निघालो.

दिवसभर स्वतःशीच भांडतो आहे. सही केली तर मीही तोच खोटा नियम खरा करणार, आणि पुढच्या प्रत्येक मुलीला "त्या दिवशी एक साहेब जामीन राहिले होते" असे ऐकवले जाणार. आणि नाही केली तर मी कोणाच्या सहीवर येथवर आलो, हे विसरल्यासारखे होईल.

शेवटी मघाशी कंडक्टरमामांना फोन लावला. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षे झाली, कानाला थोडे कमी ऐकू येते, त्यामुळे सगळे दोनदा सांगावे लागले. स्लॅबचा विषय मी काढला, तो त्यांनी ऐकूच आला नाही असा दाखवला. मग म्हणाले, "नियम मागनं भांडत बस. पोरीची फी भरायची तारीख कधी हाय?"

शुक्रवार, मी म्हणालो.

"मग सोमवारीच जा."

सोमवारची रजा टाकली आहे. नियमाची छापील प्रत आधी टेबलावर ठेवणार आहे. पगारचिठ्ठी खिशात असेल.