देंदेराच्या तळघरातला 'बल्ब'

इजिप्तमध्ये देंदेरा इथे हाथोर देवीचं मंदिर आहे. त्याच्या तळघरातल्या एका शिल्पाचा फोटो पुन्हा पुन्हा फॉरवर्ड होतो: लांबट फुगा, आत नागमोडी रेघ, त्याला टेकू देणारा खांब. सोबत मजकूर: '5000 वर्षांपूर्वीचा विजेचा बल्ब! म्हणूनच छतांवर काजळी नाही. हे ज्ञान दडवलं गेलं.'

आधी वय. आजची वास्तू इ.स.पू. 54 मध्ये बांधायला घेतली. गिझाचे पिरॅमिड तेव्हाच सुमारे अडीच हजार वर्षांचे होते.

काजळी नाही? याच मंदिराच्या सभामंडपाचं छत काजळीने काळंकुट्ट होतं. अलीकडे साफ केल्यावर निळा रंग दिसू लागला. ही काजळी बरीचशी नंतर तिथे राहिलेल्या लोकांच्या चुलींची, हे खरं. पण कारागिरांच्या दिव्यांचा वेगळा पुरावा आहेच. राजांची थडगी कोरणाऱ्या देर अल-मदिना या वस्तीतल्या कारागिरांना किती वाती दिल्या, याच्या नोंदी खापरांवर सापडल्या आहेत. जुन्या कापडाच्या वाती, तेल आणि चरबी.

आता शिल्प. ज्याला 'वायर' म्हणतात तो कमळाचा देठ आहे. कमळातून नाग बाहेर येतोय, तो हाथोरचा पुत्र हार्सोमतुस, पहाटे प्रकटणारा. खांब म्हणजे 'जेद', स्थैर्याचं चिन्ह. इजिप्तभर ताइतांमध्ये तो सापडतो, इथे त्याला हात फुटलेत. हे सगळं शेजारच्या चित्रलिपीतच लिहिलंय, शिवाय शिल्पात दाखवलेली मूर्ती कशापासून बनवलेली आणि किती उंच तेही. मग दडवलं काय? तळघर मुद्दाम लपवलेलं होतं, कारण तिथे पूजेच्या मौल्यवान वस्तू ठेवत. तिथले लेख एकोणिसाव्या शतकापासून छापले जात आहेत.

मला खरा राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. लोक 'बल्ब' बघून परततात आणि या मंदिरातला उजेडाचा खरा विचार त्यांच्या नजरेतून सुटतो. सभामंडपापासून गाभाऱ्याकडे जाताना जमीन चढत जाते, छत खाली येतं, अंधार दाटतो. छतातल्या अरुंद फटींतून तेवढा उजेड झिरपतो. नववर्षाला देवीची मूर्ती याच अंधारातून छतावर नेत, सूर्यकिरणांचा स्पर्श व्हावा म्हणून. पश्चिमेच्या वळणदार जिन्याने वर, पूर्वेच्या सरळ जिन्याने खाली. दोन्ही जिन्यांच्या भिंतींवर त्या मिरवणुकीतले पुजारी कोरलेले आहेत. देंदेराला गेलात तर तळघराआधी हे जिने पाहा.